दर मिनिटाला वीस खण

सासऱ्यांनी घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं ते हात थरथरायला लागले म्हणून. तेव्हा सुनेने त्यांच्या चाळीस वर्षांच्या वह्या उचलल्या आणि त्यांतली जुन्या घड्याळांच्या सुट्या भागांची तीन हजार आठशे चित्रं वेबसाइटवर मांडली. दुकानात होते तसेच क्रमांक घातलेले खण. खणावर बोट ठेवलं की चित्र, मापांसकट. कुठल्याही कारागिराने यावं, फुकट पाहून जावं. दुकान असं दुसऱ्यांदा उघडलं, आणि या खेपेला हात आड येणार नव्हते.

आड आली ती सर्व्हर भाड्याने देणारी कंपनी. सोमवारी तिचं पत्र आलं: तुमच्याकडे दिवसाला नव्वद हजार फेऱ्या होतात, बाकीच्या भाडेकरूंना त्रास होतो. शुक्रवारी दुपारपर्यंत वर्दळ आवरा, नाहीतर खातं बंद.

"नव्वद हजार!" सासरे खुलले. "म्हणत नव्हतो मी? जुन्या मालाला मरण नाही."

"बाबा, ती माणसं नाहीत. बॉट आहेत. चित्रं उपसून नेणारी यंत्रं."

सासऱ्यांनी ऐकून घेतलं. संध्याकाळी फिरायला गेल्यावर मात्र आकडा तीन मित्रांना सांगितला, यंत्रांचा उल्लेख वगळून.

मंगळवारी सुनेने नावावरून अडवायला सुरुवात केली. सर्व्हरच्या दारात येणारा प्रत्येक जण आपलं नाव सांगतो. ज्यांची नावं संशयास्पद, त्यांना बंदी, असा नियम तिने लिहिला. दोन तासांत तीच मंडळी सभ्य नावं घेऊन हजर. मग तिने पत्ते अडवले. इंटरनेटवर प्रत्येकाचा आकड्यांचा एक पत्ता असतो, तो. तर ती मंडळी नवे पत्ते घेऊन आली. चिडून तिने अडवलेल्यांना दिसेल अशी पाटी लिहिली: 'चोरांना प्रवेश नाही. थोडी तरी लाज वाटू द्या.'

"यंत्राला कसली लाज?" सासूबाई बटण शिवता शिवता म्हणाल्या. "तुझ्या मनाची शांती, दुसरं काय."

"तेवढी तरी होऊ द्या, आई."

बुधवारी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत ती सर्व्हरची नोंद वाचत बसली, आणि तिला एक म्होरक्या सापडला. बाकीचे पत्ते बदलत होते, हा महिनाभर एकच. रोज सकाळी सहाला येणार, नऊला जाणार. काल जिथे सोडलं तिथून पुढचा खण, मग त्याच्या पुढचा. एकही गाळणार नाही, रविवारचीसुद्धा सुट्टी नाही. असला शिस्तीचा चोर तिने पाहिला नव्हता. तिने तो पत्ता मोठ्या समाधानाने अडवला. वर्दळ तसूभरही कमी झाली नाही, याचं तिला नवल वाटलं.

घरी आली तर सासरे टॅब्लेट मांडीवर घेऊन ताठ बसलेले.

"सूनबाई, मला लाज कशाची वाटायला हवी तेवढं सांग."

"म्हणजे?"

सकाळचं एक माप पुन्हा पाहायला म्हणून उघडलेला पडदा त्यांनी तिच्यापुढे धरला. पाटी तिचीच होती. घरच्या इंटरनेटचा पत्ता काय, हे तिला ठाऊक नव्हतं, कोणाला असतं?

"बाबा, रोज सकाळी ओळीने खण तुम्ही उघडता?"

"मग? दुकान उघडल्यावर माल तपासायचा नाही? माप चुकलं तर कारागीर मला शिव्या घालेल, तुला नाही."

"तरी मी म्हणते, पहाटे उठून हे करतात काय," सासूबाई म्हणाल्या. "चोरी करत होते होय!"

सून हसली, पण तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती: उद्या गुरुवार.

"बाबा, दुकानात चोर कसा ओळखायचात?"

"नाव-गाव विचारून नाही, एवढं नक्की. चोरसुद्धा खण उघडतो, गिऱ्हाईकसुद्धा उघडतं. पण गिऱ्हाईक थांबतं. बघतं, डोकं खाजवतं. चोराला थांबायला वेळ कुठे?"

सून उठली. बंदी काढून तिने टॅब्लेट त्यांच्या हातात दिला. "आता घाई करा. जमतील तितके खण उघडा. आई, तुम्ही मिनिट धरा."

सासरे ईर्षेने भिडले. थरथरणारं बोट दोनदा चुकलं. मिनिटात चौदा.

"मला द्या," म्हणून सासूबाईंनी हात आजमावला. सतरा. सासऱ्यांना ते आवडलं नाही.

सुनेने हद्द वीसवर ठेवली. नाव काहीही सांगा, पत्ता कुठलाही असो. मिनिटाला विसाच्या वर खण उघडलेत की दिवसभर दार बंद. बॉट मिनिटाला चारशे उघडत होते. गुरुवारी दुपारपर्यंत त्यांनी पत्ते बदलून पाहिले, प्रत्येक नवा पत्ता एकविसाव्या खणाला अडकत गेला, आणि संध्याकाळी ते दुसरीकडे गेले.

शुक्रवारी कंपनीचं पत्र आलं, एका ओळीचं: वर्दळ मर्यादेत आहे, खातं चालू राहील.

सासऱ्यांनी ते दोनदा वाचलं.

"यंत्रं वगळून काल आले किती?"

सून जरा घुटमळली. "एक्केचाळीस जण."

नव्वद हजारांवरून ही घसरण.

"त्यातला एक मी. म्हणजे चाळीस," सासरे म्हणाले. "दुकानात बऱ्यापैकी दिवस असला, तर नऊ यायचे."

"त्यातले तीन," सासूबाई म्हणाल्या, "नुसते किती वाजले विचारायला."