विसावली

म्हातारा पाथरवट पन्नास वर्षं कबरींच्या शिळांवर अक्षरं कोरत आला, पण त्यातलं एकही त्याला वाचता येत नव्हतं. लोक चिठ्ठी देत, तो ती दगडावर उतरवी. वेलबुट्टी काय नि नाव काय, छिन्नीला सगळं सारखंच. सत्तरी उलटल्यावर चर्चच्या मंडळीने चालवलेल्या प्रौढवर्गात बसून तो एकदाचा वाचायला शिकला.

मंडळीला शंभर वर्षं झाली तेव्हा त्या वर्गाच्या मास्तरांनी तिचा इतिहास लिहायला घेतला आणि कबरींवरची नावं टिपायला म्हाताऱ्यालाच हाताशी धरलं. "कोरलंत तुम्ही, आता वाचूनही तुम्हीच दाखवा, मिस्त्री. चुका निघाल्या तर घरच्याच निघतील!"

म्हातारा खूश. एकेक शिळा तो मोठ्याने वाचत गेला, मास्तर वहीत उतरवत गेले. बायकोच्या कबरीपाशी त्याने टोपी काढली. "प्रभूत वि... स... र..."

तो अडखळला. बोट पुन्हा पहिल्यापासून फिरवलं. 'प्रभूत विसरली.'

"विसावली असणार ते," मास्तर हळूच म्हणाले.

"असणार काय? तुम्हाला ठाऊक होतं?"

मास्तर वहीतच बघत राहिले. "सगळ्यांनाच होतं, मिस्त्री. सांगायची छाती कुणाची होत नव्हती."

म्हाताऱ्याला ती चिठ्ठी आठवली. चर्चच्या तेव्हाच्या पाळकांनी लिहून दिलेली, खिशात घामाने भिजलेली. काना पुसला गेला होता, 'व'चं पोट विरघळलं होतं. उरलं ते त्याने इमानाने कोरलं होतं. तेहतीस वर्षांमागे.

"वहीत विसावली लिहा. शिळा मी बदलतो."

"पाळकसाहेब म्हणतात, आहे तसंच लिहा. प्रभूला त्याच्याच शिष्याने तीनदा नाकारलं, तेही सांगणाऱ्यांनी झाकलं नाही. म्हणून तर ती गोष्ट खरी वाटते."

"शिष्याची चूक शिष्याच्या माथी लागली, मास्तर. माझी हिच्या माथी आहे."

शिळा बदलायची तर लेकीला विचारायला हवं होतं. लेक शिवणकाम करायची. आईच्या कबरीकडे ती लहानपणापासून फिरकली नव्हती, आणि 'पोरीचं काळीज दगडाचं' असं म्हातारा चारचौघांत बोलून दाखवायचा. तो दुकानात शिरला तेव्हा ती एका सदऱ्याची बाही जोडत होती.

"शिळेवर चुकलंय. तुला माहीत होतं?"

मशीन थांबलं. "तिसरीत होते. तुम्हीच फुलं ठेवायला नेलं होतंत. तेव्हा दिसेल ते वाचायचे मी."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार, बाबा? मला वाटलं तुम्ही मुद्दाम कोरलंय. आई देवाकडे गेली नि मला विसरली. तुम्हाला विचारायला जावं तर 'झालं ते झालं' म्हणून हातोडा उचलायचात."

म्हातारा कापडाच्या गठ्ठ्यावर मटकन बसला. "उद्याच नवीन शिळा घडवतो."

"घडवा. पण मास्तरांना दोन्ही शब्द लिहू द्या. माझी इतकी वर्षं त्या चुकीच्याच शब्दात गेलीत." मग सुई काढता काढता तिने विचारलं, "शेवटी तिने माझं नाव घेतलं होतं?"

'हो' त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण एका खोट्या शब्दाने काय केलं होतं, ते समोरच बसलेलं होतं.

"नाही गं. शुद्धच नव्हती तिला. पण आदल्या सकाळी तापाने फणफणलेली असताना भिंत धरून उठली. तुझ्या वेण्या घातल्या. हात थरथरत होते, एक वेणी वर गेली, एक खाली. मी ओरडलो, झोप म्हणून. तर म्हणाली, विस्कटलेल्या केसांनी शाळेत गेली तर कुणी म्हणेल, हिला आई नाही."

लेकीने तोंडावर हात धरला.

"मुली हसल्या होत्या," ती म्हणाली. "मी त्या वेण्या सोडून टाकल्या, बाबा. वाटेतच सोडून टाकल्या."