जिचा आवाज निघणार नाही

ढाक्याहून पेपर घेऊन येणारी गाडी विद्यापीठाच्या फाटकासमोर, चहाच्या टपरीपाशी थांबते. आम्ही विद्यार्थी-वार्ताहर रोज सकाळी गठ्ठे सुटायची वाट बघत तिथं घोटाळतो. त्या दिवशी मी गठ्ठ्याची दोरी स्वतःच दातांनी तोडली. माझी बातमी पहिल्या पानावर होती. खालच्या कोपऱ्यात का होईना, पण पहिल्या पानावर. वर नुसतं ‘विद्यापीठ प्रतिनिधी’. आमच्याकडे विद्यार्थ्यांची नावं छापत नाहीत, आणि छापायची गरजही नसते. कुठल्या पेपरचं कोण, हे कँटीनच्या मांजरांनासुद्धा ठाऊक असतं.

कुलगुरूंनी फीत कापली, कुलगुरूंनी रोप लावलं, कुलगुरूंनी खेद व्यक्त केला, यापलीकडे माझं काही आजवर छापून आलं नव्हतं. मी ती बातमी उभ्या उभ्या तीनदा वाचली. मग बाकीचे पेपर उघडले. एकातही नव्हती.

आमच्यात एक रीत आहे. अंगाशी येईल अशी बातमी एकट्यानं छापायची नाही. ज्याच्या हाती लागेल त्यानं लिहायची, सगळ्यांना वाटायची आणि एकाच दिवशी सगळ्या पेपरांत आणायची. मग मारणारा मारणार कुणाला? ही बातमी मी लिहिली होती, आणि इमरुल भाईच्या खोलीत बसून सगळ्यांनी शब्द दिला होता की आज रात्रीच पाठवतो. इमरुल भाई आमच्यातला सगळ्यात जुना. कधी पास होणार हे त्यालाही माहीत नाही. शब्द त्यानंच पहिला दिला होता.

तो टपरीवर शिंगाडा, म्हणजे आमच्याकडचा समोसा, खात बसला होता. मी पेपर त्याच्यासमोर आपटले.

“डेस्कनं घेतली नाही गं,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

“सगळ्यांच्याच डेस्कनं?”

“आता काय सांगू तुला. वरून फोन आला होता म्हणतात.”

“तुम्ही पाठवलीच नाहीत.”

त्यानं शिंगाड्यातला शेंगदाणा शोधून खाल्ला. “तहुरा, तू जरा चार दिवस घरी जाऊन ये. आईला बरं नाही म्हण.”

हा माणूस मला रोज ‘घाबरट कोंबडी’ म्हणून चिडवायचा. आता तोच मला पळ म्हणत होता.

बातमी आमच्याच हॉलची होती, म्हणजे मुलींच्या वसतिगृहाची. पहिल्या वर्षाच्या मुलींना आमच्याकडे सीट मिळत नाही. त्या गणरूममध्ये राहतात. एकच मोठी खोली, जमिनीवर ओळीनं गाद्या. कुणी तिथं झोपायचं, हे वॉर्डन नाही, विद्यार्थी संघटना ठरवते. संघटना सत्तेतल्या पक्षाची. तिच्या मोर्चाला गेलात तर गादी, नाही गेलात तर हिशोब द्यायचा. एक मुलगी तापामुळे मोर्चाला गेली नव्हती. तिला सगळ्यांसमोर उभं करून संघटनेच्या शायला आपानं असं मारलं की कानातून रक्त आलं. ती मुलगी त्याच आठवड्यात गावी निघून गेली, कुणाशी एक अक्षर न बोलता.

बोलली ती झिनुक. त्या मुलीच्या शेजारच्या गादीवर झोपणारी. हाओर भागातली, म्हणजे पाणथळ मुलखातली, बोटीनं दोन नद्या ओलांडून शिकायला आलेली. बाप दुसऱ्यांच्या बोटी वल्हवतो, हे हॉलभर ठाऊक. लायब्ररीच्या मागे ती माझ्याशी बोलली. मी फोनवर तिचा आवाज टिपून घेतला, कारण डेस्क पुराव्याशिवाय हात लावत नाही. ती पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, “आपा, माझं नाव आलं तर मी संपले. मला परत नेलं तर अब्बा लग्न लावून देतील.” मी म्हटलं, “तुझं नाव माझ्या तोंडून मेल्यावरही निघणार नाही.” बोलायला काय जातं? छातीठोकपणे बोलले.

बातमीत मी तिच्याबद्दल फक्त ‘त्या खोलीत राहणारी एक मुलगी’ एवढंच लिहिलं होतं.

दुपारी हॉलकडे परतताना अब्बांचा फोन आला. ते आमच्या गावच्या बाजारात औषधाचं दुकान चालवतात.

“अगं, मी पेपर काउंटरवर मांडून ठेवलाय,” ते म्हणाले. “गोळ्या घ्यायला येईल त्याला आधी बातमी वाचायला लावतो. हेडमास्तर म्हणाले, मुलीत दम आहे.”

“हो अब्बा.”

“आवाज असा का गं तुझा?”

“सर्दी झालीय.”

“आल्याचा चहा घे. आणि पुढची कधी?”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं म्हणावं तर तोंडाला कोरड पडली होती.

हॉलच्या दारातच एक मुलगी माझी वाट बघत उभी होती. “शायला आपानं गेस्टरूममध्ये बोलावलंय. आत्ता.”

गेस्टरूम म्हणजे पाहुण्यांची खोली, नावाला. तिथं पाहुणे कधी बसलेले मी पाहिले नाहीत. मी म्हटलं, तोंड धुऊन येते, आणि तळमजल्याच्या बाथरूममध्ये शिरून कडी लावली. फोन दोनदा हातातून निसटला. आत झिनुकचा आवाज होता. फोन काढून घेतील हे मला माहीत होतं. घेतातच. मी रेकॉर्डिंग पुसून टाकलं. मग ते जिथं जिथं उरतं तिथूनही पुसलं. कुणी पुढे म्हणालं की तहुरानं किती धीर दाखवला, तर हसू येईल मला. धीर कसला, पाचावर धारण बसली होती. बातमीचा एकमेव पुरावा मी बाथरूममध्ये, घाबरून, स्वतःच्या हातानं नाहीसा केला.

गेस्टरूममध्ये गणरूमच्या सगळ्या मुली भिंतीला टेकून उभ्या होत्या. दुपारच्या जेवणाची वेळ होऊन गेली होती, कुणी जेवलेलं दिसत नव्हतं. झिनुक खिडकीच्या बाजूला उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. तिच्याकडे बघायचं नाही, आणि बघत नाहीये हेही कळू द्यायचं नाही, हे किती अवघड असतं ते मला त्या दिवशी समजलं.

शायला आपा खुर्चीत बसून संत्रं सोलत होती. “ये, बस. चहा घेशील? छान लिहितेस तू. मी दोनदा वाचलं.”

“नको आपा.”

“घे गं. आपल्या हॉलची मुलगी पहिल्या पानावर आली, आम्हाला अभिमान नको?” तिनं संत्र्याची एक फोड माझ्या हातावर ठेवली. “मला फक्त नाव पाहिजे. तुझं काही नाही. तुला आम्ही दोन जणींच्या खोलीत सीट देऊ.”

“मला अनेकींनी सांगितलं.”

“अनेकींनी? यांच्यातल्या अनेकींनी?” ती भिंतीकडे वळून हसली. “यांना स्वतःचं नाव विचारलं तर आधी आईला फोन लावतील. एकच कुणीतरी आहे. फोन दे बघू.”

मी फोन दिला. ती सावकाश एकेक उघडून बघत होती. फोटो, मेसेज, आवाज. मी जन्मात कधी म्हटल्या नसतील तेवढ्या कुराणाच्या आयती मनात म्हणून झाल्या. तिला काही सापडलं नाही, आणि तेवढ्यात तिच्याच हातात फोन वाजला. माझ्या पेपरच्या डेस्कवरून हबीब भाई. तिनं तो स्पीकरवर टाकला आणि मला खुणेनं सांगितलं, बोल.

“तहुरा, ऐक,” हबीब भाईंचा आवाज घाईचा होता. “हॉलकडून प्रतिवाद आलाय. असं काही घडलंच नाही म्हणतात. संपादक विचारतायत. तुझ्याकडे त्या मुलीचं रेकॉर्डिंग आहे ना? म्हणाली होतीस तू. ते पाठव, आम्ही बातमीच्या पाठीशी उभे राहतो.”

शायला आपानं फोन माझ्या तोंडाजवळ धरला.

“नाहीये,” मी म्हटलं.

“नाहीये म्हणजे?”

“म्हणजे... रेकॉर्डिंग कधी नव्हतंच. कुणी मुलगी बोललीच नाही. ऐकीव होतं.”

“ऐकीव?” “पोरी, मी तुझ्या शब्दावर पहिलं पान दिलं. माझी नोकरी आहे ही, कळतंय का तुला?”

“चुकलं माझं.”

“उद्या माफी छापावी लागेल. आणि तू आता पाठवू नकोस काही. पेपरचं कार्ड कुरियरनं परत कर.” फोन बंद झाला.

हबीब भाईंनीच मला बातमीचं पहिलं वाक्य कसं लिहायचं ते शिकवलं होतं. तरी एक वेडी आशाही वाटली. आता तरी हे मिटलं. कुणीच बोललं नाही म्हटल्यावर शोधायचं कुणाला?

शायला आपानं संत्र्याची बी टिपॉयवर थुंकली. “खोटं बोलायला शिक जरा. ताप किती होता, कुणी पाणी दिलं, कानाला कुठला टॉवेल लावला, हे सगळं छापलंयस, ते ऐकीव असतं होय?” ती भिंतीजवळच्या मुलींकडे वळली. “उद्या सकाळी या बाईविरुद्ध मोर्चा. गणरूम सगळ्यात पुढे. घोषणा मी देईन, तुम्ही ओरडायचं. जिचा आवाज निघणार नाही, ती तीच. मला दुसरं काही विचारायची गरज नाही.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तुझी सीट रद्द. सकाळी सामान घेऊन पुढच्या दारानंच जायचं. मागून नाही.”

ती रात्र मी कशी काढली ते विचारू नका. झिनुकला निरोप देता येत नव्हता. तिच्याकडे नुसतं कुणाला पाठवलं असतं तरी संपलं असतं. मी फक्त एवढंच घोकत होते की पोरीला ओरडता आलं पाहिजे. ती मुळात इतकं हळू बोलायची की लायब्ररीच्या मागे मला फोन तिच्या हनुवटीला चिकटवावा लागला होता.

सकाळी पेपरात चौकटीत माफी होती. मी माझी ट्रंक ओढत पायऱ्या उतरले. रिक्षा फाटकाबाहेर उभी होती, आणि दार ते फाटक दोन्ही बाजूंनी मुली. शायला आपा मध्यभागी. इमरुल भाई आणि बाकीचे वार्ताहर झाडाखाली उभे होते, या मोर्चाची बातमी करायला. ती मात्र सगळ्यांचेच डेस्क घेणार होते.

“खोटारडी पत्रकार,” शायला आपा ओरडली.

“चालती हो,” मुली ओरडल्या.

मी मान खाली घालून चालले. आवाज कानांवर आदळत होते, आणि मी त्यातला एकच आवाज शोधत होते. तो येत नव्हता. मी नजर वर केली. झिनुक पहिल्याच रांगेत होती. तोंड उघडं, ओठ हलतायत, आवाज नाही. तिनं मला पाहिलं, माझी ट्रंक पाहिली, आणि तिचे ओठही हलायचे थांबले. हनुवटी थरथरायला लागली. आता ही रडणार.

शायला आपा रांगेवरून नजर फिरवत येत होती. अजून चार-पाच मुली मध्ये होत्या.

मी ट्रंक खाली टाकली आणि सरळ झिनुकसमोर जाऊन उभी राहिले.

“काय गं ए चिखलातली बेडकी,” मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “अंगावर धड कपडा नाही आणि माझ्यावर ओरडायला उभी? तुझ्या बापानं दुसऱ्याच्या बोटी वल्हवून तुला इथं पाठवलं ते यासाठी? जा, त्यालाच सांग, लग्न लावून दे म्हणावं. तुझी लायकी तेवढीच.”

तिचा चेहरा पांढरा पडला. मी तिचा बाप काढीन, असं तिला खरंच वाटलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं, आणि मग तिच्या पोटातून कुठून तरी असा आवाज निघाला की शेजारच्या मुली दचकल्या.

“चालती हो,” ती किंचाळली. “चालती हो इथून.”

शायला आपा तिच्यासमोर येऊन थांबली. तिनं झिनुकचं रडणं बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि झिनुकच्या पाठीवर थाप मारून पुढच्या मुलीकडे सरकली.

मी ट्रंक उचलली. रिक्षात बसेपर्यंत झिनुकचा आवाज सगळ्यांच्या वर येत होता, फाटलेला, चिडलेला. तिला समजलं असेल का, मी हे का केलं? मला माहीत नाही. तेव्हा मला फक्त एवढीच भीती होती की तिला समजेल आणि ती ओरडायची थांबेल. मी रिक्षावाल्याला म्हटलं, मामा, लवकर चला, आणि वळून बघितलं नाही.