गादीच्या स्पंजाची तलवार

स्वयंपाकघराच्या टेबलावर पडलेल्या करड्या नळकांड्याकडे पाहून गेबहार्टला मळमळून आलं. थंडीत गरम पाण्याच्या नळांना गुंडाळतात तो फोम. त्याला उभी चीर होती. ती बोटांनी फाकवायची, आत वेताची काठी सरकवायची, की झाली म्हणे तलवार. कसाई आतड्यात खिमा भरतो तसाच प्रकार. फोम कोरडा होता, तरी त्याने हात पँटला पुसले.

त्याची सारी नोकरी गावच्या ग्रंथालयात गेली. जुन्या तलवारबाजीची हस्तलिखितं तिथेच त्याच्या हाती लागली, आणि त्यातले डाव तो आणि गावचा दंतवैद्य ओर्टविन दर शनिवारी व्यायामशाळेत बोथट पोलादी तलवारींनी खेळत आले. पोलादावर पोलाद आदळलं की मनगटातून जी झिणझिणी जायची, तिच्यासाठी गेबहार्ट आठवडा ढकलायचा. आपण चांगलं खेळतो असं मात्र त्याला कधीच वाटलं नाही. ओर्टविनला आपल्याशी खेळावंसं वाटतं, त्या अर्थी अगदीच टाकाऊ नसू, इतकंच.

यंदाच्या वसंतात ओर्टविन खोकला आणि त्याची बरगडी मोडली. नुसत्या खोकल्याने. हाडं टोस्टसारखी झाली आहेत, आता पोलाद बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"पोलाद नाही तर फोम!" ओर्टविन फोनवर ओरडला होता. "पोरं खेळतातच की. दोन तलवारी कर. तुला शिवणटिपण येतं, मला दाढा उपटण्यापलीकडे काही येत नाही."

मग त्याची बायको रोसविटा मसुराच्या आमटीचं पातेलं घेऊन आली. ते ओट्यावर ठेवून ती उभीच राहिली.

"गेबहार्ट, तो माझं ऐकायचा नाही. जाड बंडी घालीन म्हणतो. बंडीने हाडं सांधतात का?"

"अगं, फोमच तर आहे."

"आणि फोमच्या आत काय, लोणी? तू अशी कर की त्याला लागणारच नाही. आणि त्याला सांगू नकोस. कळलं तर माझ्याशी महिनाभर बोलणार नाही, आणि तुझ्याशी कधीच नाही."

पातेलं रिकामं झालं, तरी तो 'कधीच' त्याच्या घशातून खाली उतरला नाही.

त्याने प्लॅस्टिकचा पाइप हलवून पाहिला, तो मासळीसारखा लवलवला. बांबू चिरतो आणि त्याची कुसळं अंगात शिरतात. वेतच बरा. टोकाला त्याने चामड्याची टोपी शिवली, काठी फोम फोडून बाहेर येऊ नये म्हणून. मुठीच्या बुडाशी शिशाचा गोळा बसवला, म्हणजे तोल निदान तलवारीसारखा वाटावा. गोंदाच्या वासाने डोकं भणभणलं. नखांत करडा चुरा बसला, तो ब्रशनेही निघेना. ज्या हातांनी सहाशे वर्षांपूर्वीची पानं उलटली, त्याच हातांनी आपण हे कसलं बाहुलं गुंडाळतोय, असं मनात येऊन त्याला स्वतःचे हातसुद्धा पाहवेनात.

पहिली तलवार नीट झाली. कणखर, लागेल अशी. ती ओर्टविनसाठी. दुसरी, स्वतःची, करताना त्याने फोम तासून पातळ केला आणि त्यावर जुन्या गादीचा स्पंज चढवला. तो पिवळा पडला होता आणि त्याला झोपेच्या घामाचा वास येत होता. वरून दोन्हींना सारखंच कॅनव्हास शिवलं. घेर सारखा, वजन सारखं. बाहेरून कुणाला कळलं नसतं. आणि तेच त्याला सर्वांत किळसवाणं वाटलं.

शनिवारी ओर्टविन जाळीचा मुखवटा काखेत मारून आला. बंडीमुळे तो भरलेल्या पोत्यासारखा दिसत होता.

"हसू नकोस. रोसविटाने दोन घालायला लावल्या. आण, माझी कुठली?"

गेबहार्टने कणखर तलवार त्याच्या हातात दिली. खेळ सुरू झाला. तलवारी भिडल्या की गोठ्यात शेण पडल्यासारखा आवाज यायचा. ओर्टविनचा एक घाव गेबहार्टच्या दंडावर बसला, चांगला सणसणीत. "बसला!" गेबहार्ट हात वर करून म्हणाला. ज्याला लागला त्यानेच कबूल करायचं, हा त्यांचा नियम. मग गेबहार्टचा घाव ओर्टविनच्या खांद्यावर पडला. ओर्टविन थांबला. त्याने खांद्याकडे पाहिलं.

"बसला का रे? पाहिला खरा. पण कळला नाही." तरी त्याने प्रामाणिकपणे हात वर केला.

ते पाहून पुढचे दोन घाव गेबहार्टने मुद्दाम हुकवले.

पहिली फेरी संपली. आणि फेरी संपल्यावर वर्षानुवर्षं करत आला तेच त्याने केलं. तलवार उलटी धरली आणि मूठ ओर्टविनपुढे केली. प्रत्येक फेरीनंतर शस्त्रांची अदलाबदल, म्हणजे कुणाला चांगल्या पात्याचा फायदा मिळायला नको. त्यांच्या पोलादी तलवारी एकाच लोहाराच्या, जुळ्या, त्यामुळे ही चाल हस्तांदोलनासारखी उरली होती. ती हाताला ठाऊक होती, डोक्याच्या ध्यानातही नव्हती. ओर्टविनने आपली तलवार त्याच्या हातात दिली आणि पुढे आलेली मूठ पकडली, तेव्हा कुठे गेबहार्टला भान आलं.

ओर्टविनने तलवार हवेत एकदा फिरवली. मग मुखवटा काढला आणि अंगठ्याने पातं दाबलं. अंगठा आत, आत गेला.

"हे काय आहे?"

"स्पंज."

"कसला?"

"गादीचा."

"गादीचा." ओर्टविनने पातं नाकाशी नेलं आणि तोंड फिरवलं. "शी! तुझ्या गादीचा! गेबहार्टा, मी जन्मभर लोकांना 'अजिबात दुखणार नाही' असं खोटं सांगितलंय. ते मलाच सांगतोस? रोसविटाने मसूर आणले होते ना?"

"हो."

"आणि तू तेवढ्यासाठी विकला गेलास."

"तुझी बरगडी खोकल्याने मोडली," गेबहार्ट म्हणाला. आवाज त्यालाच पातळ वाटला.

"मोडली. माझी मोडली. तू का उशी थोपटल्यासारखा मारतोस?" ओर्टविन कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्याकडे गेला, आणि ती तलवार त्याने केळीची सालं आणि ओल्या कागदांत खुपसली. परत आला. गेबहार्टच्या हातातल्या कणखर तलवारीकडे बोट केलं. "आता एकच उरली. एक घाव मी खाणार, एक तू. मग पुढच्या शनिवारी दुसरी माणसासारखी करून आण. मुखवटा घालतो. मार."

"ओर्टविन—"

"हळू मारलास तर मी घरी जातो. आणि परत येत नाही."

गेबहार्टने तलवार खांद्यावर घेतली. नखांतल्या गोंदाचा वास नाकात आला. त्याला गोंदाची घाण वाटत होती, डब्यातल्या त्या चिंधीची घाण वाटत होती, आणि मित्राला हाडांचं गाठोडं समजून जपणाऱ्या स्वतःची तर सर्वांत जास्त. त्याने पाऊल टाकलं आणि तलवार हाणली.

घाव खांद्याच्या मांसल भागावर बसला. गेबहार्ट हाड कडकन मोडल्याच्या आवाजाची वाट पाहत राहिला. जाळीमागे ओर्टविनचा चेहरा आक्रसला, त्याने दात आवळून हवा ओढली. मग डावा हात हळूहळू वर गेला.

"बसला," तो म्हणाला. "आई गं. बसला!"

तो हसत होता. खांदा चोळत त्याने दुसरा हात पुढे केला. गेबहार्टने तलवार उलटी केली आणि मूठ त्याच्या तळव्यात दिली. या वेळी काय देतोय हे त्याला नीट ठाऊक होतं.