सहा राखीव टेबलं

मेव्हिसने चहाघराच्या दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि परत काढला. काचेतून आतली सातही टेबलं दिसत होती आणि सातही रिकामी होती.

नेमकं हेच नको होतं. एरवी मंगळवारी तीन वाजता आयव्ही मेटकाफच्या चहाघरात पाय ठेवायला जागा नसते. मेंढरांचा सौदा उरकून आलेले शेतकरी, त्यांच्या बायकांच्या फुगलेल्या पिशव्या, टेबलांखाली ओल्या केसांची कुत्री, आणि या सगळ्यांतून किटल्या डोक्याच्या उंचीवर धरून वाट काढणारी आयव्ही. पण नदीवरच्या पुलाचं काम निघालं होतं, म्हणून आज बाजारच भरला नव्हता. पलीकडच्या खोऱ्यातून येणारी बस बंद. चौकात मासळीची एकच गाडी उभी होती आणि तिचा मालकही आवराआवर करत होता.

आणि ज्याच्यासाठी मेव्हिस दर मंगळवारी इथे यायची, तो पलीकडच्या खोऱ्यातलाच होता.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका मंगळवारी त्याने टोपी हातात घेऊन विचारलं होतं, "ही खुर्ची कुणाची आहे का हो?" मेव्हिस म्हणाली होती, "नाही, बसा की." पुढच्या मंगळवारी तो खिडकीशी आधीच बसलेला होता आणि उभं राहायची पाळी तिच्यावर आली. तेव्हा तिने तोच प्रश्न विचारला. त्यानंतर पस्तीस मंगळवार झाले. आधी ते पावसाबद्दल बोलले, मग आयव्हीच्या केकबद्दल, मग पेपरातल्या शब्दकोड्याबद्दल, मग त्याच्या म्हाताऱ्या कुत्रीबद्दल आणि मेव्हिसच्या गुडघ्याबद्दल. नाव मात्र दोघांनी विचारलं नाही. पहिल्या आठवड्यात विचारलं तर आगाऊपणा दिसला असता. तिसऱ्या आठवड्यात विचारायचं म्हणजे इतके दिवस लक्षच नव्हतं अशी कबुली. मधला आठवडा कधी निघून गेला ते कळलंच नाही. आयव्हीचाही उपयोग नव्हता, कारण ती सत्तरीच्या गिऱ्हाइकालाही 'बाळा' म्हणते, आणि तिला खासगीत विचारणं म्हणजे चौकात दवंडी पिटणं. शेवटी मेव्हिसने स्वतःपुरतं त्याचं नाव आर्थर ठेवून टाकलं होतं.

आता आर्थर आला तर काय करील? जागा नाही म्हणून एका टेबलावर बसणं वेगळं. सहा टेबलं रिकामी असताना परक्या बाईसमोर जाऊन बसणारा माणूस आमच्या डोंगरात तरी एक तर दारू प्यालेला असतो, नाही तर दक्षिणेकडच्या शहरातला. तो सभ्य माणूस होता. तो मान लववील, दुसऱ्या टेबलावर बसेल आणि पेपर उघडील. एकदा वेगळं बसलं, की पुढच्या मंगळवारी एकत्र बसायला तोंड कुठलं राहील? मेव्हिस एकाहत्तर वर्षांची होती. हॅरल्ड गेल्याला बारा वर्षं झाली होती आणि त्या बारा वर्षांत टेबलापलीकडच्या माणसाच्या बोलण्यावर ती हसली होती ती याच पस्तीस दुपारी. तिला ते गमवायचं नव्हतं. बस बंद आहे तेव्हा तो येणारच नाही, हे तिने सकाळपासून स्वतःला दहादा बजावलं होतं, आणि तरीही निळा कोट इस्त्री करून घातला होता.

तिने दार ढकललं. वरची घंटा वाजली.

"ये बाळा, दार लाव आधी. थंडी घेऊन येऊ नकोस आत," आयव्ही मुदपाकखान्यातून ओरडली.

मेव्हिस दोन पावलं चालली आणि थबकली. जवळच्या टेबलावर साखरेच्या भांड्याला टेकवून एक जाडसर कार्ड उभं केलं होतं. चष्मा पर्समध्ये होता, पण मोठी अक्षरं तेवढी लागली. राखीव. त्याच्या पलीकडच्या टेबलावरही तेच. शेकोटीजवळच्या दोन टेबलांवर, भिंतीकडच्या टेबलावर, अगदी दारामागच्या त्या लंगड्या टेबलावरसुद्धा, जिथे आयव्ही फक्त नावडत्या गिऱ्हाइकांना बसवते. सहा टेबलं, सहा कार्डं. खिडकीजवळचं त्यांचं नेहमीचं टेबल तेवढं मोकळं होतं.

"हे काय गं? कोण येतंय एवढं?"

"बुकिंग आहे," आयव्ही हात पुसत बाहेर आली. "मोठं."

"आज? पूल बंद असताना?"

"लोकांचं काय सांगावं. तू बस खिडकीशी. तीच एक जागा आहे बघ."

मेव्हिस बसली. बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण हसतोय. कुठल्या तरी सहलीच्या बसमधली माणसं, देव त्यांचं भलं करो, सगळी टेबलं अडवून बसणार होती. म्हणजे आता तो आला तर त्याला दुसरीकडे बसायची सोयच नव्हती. फक्त तो यायला हवा होता. तिने हातमोजे काढले, घडी केली, उलगडली आणि पुन्हा घडी केली. घड्याळात तीनला चार मिनिटं होती. मग तीन वाजले. मग तीन वाजून एक मिनिट झालं, आणि ते एक मिनिट तिला फार लांबलचक वाटलं.

घंटा वाजली.

तो दारात उभा होता, बगलेत पेपर, हातात टोपी. केस नुकतेच कापलेले होते आणि मानेवर न्हाव्याची पांढरी पावडर राहून गेली होती. त्याने खोलीभर नजर फिरवली. मेव्हिसला ती जरा जास्तच सावकाश फिरवल्यासारखी वाटली. मग तो खिडकीपाशी आला.

"आज फारच गर्दी दिसते," तो म्हणाला. "ही खुर्ची कुणाची आहे का?"

"नाही. बसा की."

तो बसला. मेव्हिसने टेबलाखाली एका हाताने दुसरा हात धरून ठेवला. या वयात, ती स्वतःला म्हणाली, या वयात शोभतं का हे. पण शोभत नसलं तरी बरं वाटत होतं.

"आलात कसे? बस तर नाही."

"दुधाच्या गाडीतून. ती लांबच्या वाटेने फिरून येते."

"ती सकाळी आठला येते ना?"

"हो," तो म्हणाला आणि टोपी खिडकीच्या कट्ट्यावर नीट ठेवण्यात गुंतला. "जरा लवकर आलो. केस कापायचे होते."

आयव्ही वही घेऊन आली. मंगळवारचं दोघांचं मागणं ठरलेलं असायचं. प्रत्येकी एक भाजलेला टीकेक, प्रत्येकी एक छोटी किटली, हिशेब वेगवेगळा. आयव्हीने पेन्सिल टेकवलीसुद्धा होती.

"आज मला काही घाई नाही," तो म्हणाला. तो हे आयव्हीला सांगत होता, पण बघत होता मेव्हिसकडे. "ते तुमचं तिमजली ताट असतं ना, ते मिळेल का?"

"ते एकट्याला देत नाही मी. दोघांचं असतं ते."

"दोघं आहोत ना," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. "म्हणजे, यांची हरकत नसेल तर."

"माझी कसली हरकत," मेव्हिस म्हणाली. "मीही आज मोकळीच आहे."

ती सगळ्याच मंगळवारी मोकळी असायची. बुधवारीही.

तिमजली ताट आलं तेव्हा खिडकीतून दिसणारा अर्धा चौक झाकला गेला. खाली काकडीचे आणि अंड्याचे कड कापलेले सँडविच. मधे गरम स्कोन, शेजारी साय आणि मुरांबा. सगळ्यात वर दह्याच्या साईचे टार्ट आणि काळ्या मनुकांच्या केकचे तुकडे, प्रत्येकाबरोबर पांढऱ्या चीजची एक चकती, कारण चीजशिवाय केक म्हणजे मिठीशिवाय निरोप, असं इथली म्हातारी माणसं म्हणतात. आणि एकच मोठी किटली, तिच्यावर आयव्हीने विणलेली पिवळी लोकरीची टोपी. पस्तीस आठवड्यांत एका किटलीतून दोघांनी पहिल्यांदाच चहा घ्यायचा होता.

"मुरू द्या जरा," तो म्हणाला.

"मुरू द्या," मेव्हिस म्हणाली.

ते किटलीकडे बघत बसले. इतकं सुखाने किटलीकडे बघत बसलेली दोन माणसं आयव्हीच्या चहाघराने क्वचितच पाहिली असतील. मग मेव्हिसने गाळणी ठेवली आणि चहा ओतला. त्याच्या कपात थेंबभर दूध आणि साखर दीड चमचा. विचारायची गरजच नव्हती. तो बघत होता, आणि कप उचलताना त्याने तो दोन्ही हातांत धरला.

सँडविच सावकाश संपले. पेपर उघडला गेला, शब्दकोड्याच्या बाजूने घडी घातली गेली. तो कोडं नेहमी शाईने सोडवायचा, पेन्सिलीने नाही. चुकलं तर चुकलं. मेव्हिसला त्याची ती एक गोष्ट धाडसाची वाटायची. एकदा ती त्याला म्हणाली होती, "खोडायची सोय ठेवावी माणसाने." त्यावर तो म्हणाला होता, "सोय असली की माणूस विचारच करत नाही."

साडेतीन झाले. चार वाजले. शेकोटीतलं लाकूड बसलं तसं आयव्हीने दुसरं टाकलं. स्कोन संपले. त्याने कुत्रीची नवी कागाळी सांगितली, की ती आता शेजारणीच्या सोफ्यावर झोपते आणि याला ओळख दाखवत नाही. मेव्हिस इतकी हसली की तिला डोळे टिपावे लागले. बुकिंगवाल्यांचा पत्ता नव्हता. पाऊलही वाजलं नाही, की बसचा आवाज नाही.

"काय गं," किटलीत गरम पाणी घालायला आलेल्या आयव्हीला मेव्हिसने विचारलं, "तुझे लोक कुठे राहिले?"

आयव्हीने त्याच्याकडे एकदा पाहिलं. तो पेपरात सतरा आडवे शोधत होता, आणि पेपर उलटा नव्हता एवढंच.

"येतील," आयव्ही म्हणाली. "नाही तर नाही येणार."

शेवटी ताटात एकच टार्ट उरला. आमच्याकडे शेवटचा तुकडा ज्याने उचलला त्याची अब्रू गेली. दोघांनी तो एकमेकांना चार-चार वेळा देऊ केला.

"सुरी मागून आणतो," तो म्हणाला. "अर्धा-अर्धा करू."

तो उठून मुदपाकखान्याकडे गेला. मेव्हिसने चष्मा लावला आणि पेपर स्वतःकडे ओढला, तो येईपर्यंत सतरा आडवे सोडवून ठेवावं म्हणून. त्याची अक्षरं चौकटींत बसली होती, ठळक, एकाला एक न चिकटता. एवढी वर्षं कोडी सोडवून त्याचं अक्षरच तसं झालं होतं. मागे एकदा त्याने खारवलेल्या कांद्यांची कृती तिला पाकिटावर लिहून दिली होती, त्यावरही चौकटी नसताना प्रत्येक अक्षर आपापल्या घरात राहिलं होतं.

उत्तर काही सुचेना. तिने विचार करायला मान वर केली आणि शेजारच्या टेबलावरचं कार्ड दिसलं.

समोरच्या पाटीवर आजचे पदार्थ आयव्हीच्या हाताने लिहिलेले होते, वेलीसारखे एकमेकांत गुंतलेले. कार्डावरची अक्षरं गुंतलेली नव्हती. ठळक, शाईची, एकाला एक न चिकटता, आपापल्या घरात. तिने त्याच्या पलीकडचं कार्ड पाहिलं. मग शेकोटीजवळची दोन. दारामागच्या लंगड्या टेबलावरचंही.

दुधाची गाडी आठला येते. आयव्ही नऊला दार उघडते.

मेव्हिसला उठून चौकात जावं आणि त्या मासळीवाल्याला सांगावं असं वाटलं. ती उठली नाही. तिने कपातला थंड झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला. कानापर्यंत ऊन चढल्यासारखं झालं होतं आणि ते उतरू नये असंच तिला वाटत होतं.

तो सुरी घेऊन आला, मागून आयव्ही. त्याने टार्ट कापला, आणि मोठा अर्धा तिच्या बाजूला सरकवला.

"पुढच्या मंगळवारी पूल उघडतोय," आयव्ही म्हणाली. "बाजार भरणार. खिडकीचं टेबल कुणी आधीच बळकावलं तर माझ्या नावाने खडे फोडू नका. ठेवू का राखून?"

"ठेवा," तो म्हणाला. "दोघांसाठी. तीन वाजता."

"नाव काय लिहू?"

आयव्हीने पेन्सिल वहीवर टेकवली आणि आढ्याकडे पाहत उभी राहिली. तो तोंड उघडून गप्प झाला. पस्तीस मंगळवार त्या टेबलावर बसून त्यांची गंमत बघत होते.

मग मेव्हिसने हात लांब करून शेजारच्या टेबलावरचं कार्ड घेतलं. ते पालथं केलं. पेपरावरचं त्याचं पेन उचललं, कोऱ्या बाजूवर लिहिलं, आणि कार्ड टार्टच्या बशीजवळून त्याच्यापुढे सरकवलं.

त्याने वाचलं. मेव्हिस थॅकरी. मग तिने नेमकं कुठलं कार्ड निवडलं हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण कापलेल्या केसांमुळे उघडी पडलेली त्याची मान हळूहळू तांबडी होत गेली. त्याने वर पाहिलं नाही. पेन घेतलं आणि तिच्या नावाखाली, सावकाश, एक-एक अक्षर आपापल्या घरात बसवत लिहिलं. क्लेमंट हेबलथ्वेट.

"मी तुम्हाला आर्थर म्हणत होते," मेव्हिस म्हणाली.

"कधी?"

"मनात."

त्याने जरा विचार केला. "चालेल की," तो म्हणाला. "मनात चालेल."

आयव्हीने कार्ड उचललं, वाचलं आणि झग्याच्या खिशात घातलं. मग ती उरलेल्या पाच टेबलांवरची कार्डं गोळा करत निघाली.

"आले नाहीत गं शेवटी तुझे लोक," मेव्हिस तिला म्हणाली.

"नाहीच आले," आयव्ही म्हणाली. "आजकाल कुणाचा भरवसा राहिला नाही बघ."

क्लेमंटने किटलीवरची पिवळी टोपी काढली, झाकण उघडून आत पाहिलं आणि दोन कप निघतील असं म्हणाला.