मनाशेकाकांचं ऐकून घेणारी व्हॅन

मी एक जुनी कॅम्पर व्हॅन आहे. मित्रांनो, जुनी म्हटलं की लोक लगेच 'बिचारी' म्हणतात, तर ते आधी बंद करा. माझा पत्रा गंजला असेल, पण इंजिन अजून एका झटक्यात सुरू होतं आणि राग त्याहून लवकर येतो. इंग्लंडात जन्मलेली व्हॅन अशी फाडफाड मराठी कशी बोलते, असं तुम्हाला वाटत असेल. सांगते. जरा दम धरा.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मला मागे खिडक्यासुद्धा नव्हत्या. पहिली नऊ वर्षं मी कार्डिफच्या एका लॉन्ड्रीत राबले. इस्पितळाच्या मळक्या चादरी आणायच्या, धुतलेल्या पोचवायच्या. कोणी कधी शाबास म्हटलं नाही. मग एक दिवस नवी गाडी आली आणि मला मागच्या अंगणात कचऱ्याच्या डब्यांशेजारी उभं केलं. तिथून मला मनाशेकाकांनी विकत घेतलं.

मनाशेकाका मुंबईचे बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. तरुणपणी लंडनला आले, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये सुतारकाम केलं, हॅरोत घर घेतलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी मला दारात आणून उभं केलं. त्यांची बायको मिल्काबाई बाहेर आल्या, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि हिला अजून फिनेलचा वास मारतोय म्हणाल्या. मला तेव्हा मराठी कळत नव्हतं, पण नाक मुरडलेलं कळलं. फार राग आला होता.

मग काकांनी माझं रूपच पालटलं. खिडक्या कापल्या, पलंग ठोकला, गॅसची शेगडी बसवली. मिल्काबाई दारात उभ्या राहून चुका काढत. अहो, फळी वाकडी आहे. अहो, डबे ठेवायचे कुठे? काका हातोडीसकट माझ्यावर डाफरत, कारण बायकोवर डाफरायची छाती नव्हती. ते सगळं मराठीतून चाले. ऐकून ऐकून मी शिकले.

दरवर्षी उन्हाळ्यात आम्ही स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर जायचो. तिथे समुद्र डोंगरांच्या मधून मैलोन्‌मैल आत शिरतो. नॉर्वेत त्याला फ्योर्ड म्हणतात, स्कॉटलंडात लॉख. रस्ता एवढा चिंचोळा की समोरून मेंढी आली तरी एकीने मागे जायचं, आणि मेंढी कसली जातेय! दोघं बूट घालून डोंगर चढायला जात, धबधबे बघून येत. मी खाली उभी. इतकी वर्षं गेले, पण धबधबा एकही पाहिला नाही. नुसता आवाज ऐकला. शुक्रवारी मिल्काबाई घड्याळात सहा वाजलेले बघत आणि गाडीची किल्ली चहाच्या डब्यात टाकत. शब्बाथ लागला, ज्यूंचा विसाव्याचा दिवस. आता शनिवार संपेपर्यंत मी जागची हलायची नाही. सूर्य तिकडे दहापर्यंत मावळत नाही, असं काका कुरकुरत. बाई म्हणत, सूर्याला काय, त्याला स्वयंपाक करायचा नसतो.

मिल्काबाईंचं एक मोठं ऑपरेशन झालं. त्याआधी त्या नवस बोलल्या: यातून उठले तर लॉखच्या टोकाला जो धबधबा आहे, तिथे एलियाहू हानाबी प्रेषिताच्या नावाने मलिदा करीन. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, आणि वर पाच फळं. त्या उठल्या, पण त्या वर्षी जाणं झालं नाही आणि पुढच्या वर्षी बाईच राहिल्या नाहीत. नवस तसाच राहिला.

त्या गेल्या आणि हॅरोच्या त्या घरातून मराठी गेली. मुलगा लेव्ही इथेच जन्मलेला. शाळेत गणित शिकवतो. त्याला 'जेव', 'चल' आणि 'गप्प बस' एवढं मराठी येतं. तो बापासाठी घरी राहायला आला. मुलगा वाईट नाही हो, उगाच खोटं का बोलू? पण भित्रा. त्यातच काकांच्या डोळ्यांच्या मध्यभागी अंधार आला. समोरचं दिसेना, कडेकडेचं दिसायचं. डॉक्टर म्हणाले गाडी चालवू नका, आणि काकांनी स्वतःच्या हाताने लायसन्स परत करायला पोस्टात टाकलं. एकदा बाथरूममध्ये घसरून पडले. झालं! लेव्हीने दारावर कॅमेरा लावला, एकट्याने फाटकाबाहेर जायचं नाही असं सांगितलं, आणि स्वतःची गाडी बरोबर माझ्या मागे लावायला लागला. पुढे भिंत, मागे लेव्हीची गाडी. तीन वर्षं.

अडकून पडणं म्हणजे काय ते मला विचारा. कुंपणाच्या फांद्या माझ्या आरशात शिरल्या. काचांच्या कडांना शेवाळ धरलं. टायर एकाच जागी बसून चपटे झाले. आणि रोज दुपारी चार वाजता काका यायचे, स्टिअरिंगमागे बसायचे, दार लावून घ्यायचे आणि मिल्काबाईंशी मराठीत बोलायचे. आज भाजीला मीठ नव्हतं. आज लेव्हीने मला फळं आणायलासुद्धा येऊ दिलं नाही. तुझा नवस राहिला गं. शेवटचं वाक्य रोज असायचं. मला रडू यायचं, पण व्हॅनला रडायची सोय नसते.

एवढं सगळं मुलाला का सांगत नव्हते? मीही चिडायचे. मग माझ्या लक्षात आलं. काकांचं इंग्रजी म्हणजे नोकरीचं इंग्रजी. पन्नास वर्षं साहेबाला 'येस', 'नो प्रॉब्लेम', 'ॲज यू विश' म्हणण्यात गेली. त्या भाषेत त्यांना 'नाही' म्हणताच येत नव्हतं. लेव्ही विचारायचा, डॅड, ठीक आहेस ना? काका म्हणायचे, फाइन, सन. आणि मुलाला ते खरं वाटायचं.

यंदा वसंतात लेव्हीने मला विकायला काढलं. ब्रॅकनेलहून अक्षया नावाची मुलगी बघायला आली. मूळची नागपूरची, कुठल्याशा कंपनीत सॉफ्टवेअरच्या चुका शोधते. तिला नॉर्वेला जायचं होतं, पण व्हिसाची अपॉइंटमेंट मिळेना, म्हणून इथलेच फ्योर्ड बघू म्हणाली होती. ती आत चढली आणि मिल्काबाईंच्या फळीवर तिचं डोकं खाड्कन आपटलं.

"आई गं! काय बाप्पा, कोणी ठोकली ही फळी?"

काका पुढच्या सीटवरच होते. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्यात दुसरं कोणीतरी मराठी बोललं होतं. मी ठोकली, म्हणाले, आणि फळी सरळ आहे, तूच वाकडी चढलीस. ती खो खो हसली. पुढचे दोन तास लेव्ही दारात हात बांधून उभा, आणि आत हे दोघं गप्पांत. काकांनी तिला नवसाचं सांगितलं. गाडी तुझी, पण आधी मला तिथवर ने, एवढंच मागितलं. अक्षयाने सांगितलं, तर लेव्हीला हे पटेना. शेवटी मी बरोबर येणार असेन तरच, म्हणाला. मे महिन्याची शाळेची सुट्टी ठरली.

अहाहा! लेव्हीची गाडी मागून हलली आणि मी रस्त्यावर आले, तेव्हा मला नीट धावतासुद्धा येईना. टायर ठोके देत होते. ग्लास्गो मागे पडलं आणि हळूहळू लय सापडली. लॉखच्या रस्त्याला लागलो, तसे काका अक्षयाला वाट सांगू लागले. दिसत नव्हतं, पण माझ्या चाकांच्या आवाजावरून त्यांना सगळं कळत होतं. ही गुरं अडवायची लोखंडी जाळी गेली, आता डावं वळण, आता ओढा, सावकाश. एकदाही चुकले नाहीत. लेव्ही मागे बसून नुसता बघत होता.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही रस्त्याच्या शेवटी पोचलो. पाऊस सुरू झाला होता. लेव्ही म्हणाला, ओढ्याचं पाणी वाढतंय, मागे वळून गावात थांबू. काकांनी अक्षयाला वेळ विचारली, सहा वाजले म्हटल्यावर किल्ली चहाच्या डब्यात टाकली. लेव्ही डोकं धरून बसला, पण बापाच्या शब्बाथपुढे त्याचं काही चाललं नाही. सकाळी उठून बघतात तो ओढा रस्त्यावरून वाहत होता. फोनला सिग्नल नाही. पुढे समुद्र, मागे पाणी, आणि आत तीन माणसं आणि एकच पलंग.

शनिवार सबंध पावसात गेला. लेव्ही येरझारा घालायचा, पण माझ्यात येरझारा म्हणजे दोन पावलं आणि फळी. सोमवारी शाळा, हे पन्नास वेळा म्हणाला असेल. काका मात्र मजेत. अक्षयाला वर्कशॉपचे किस्से सांगत होते, साहेबाची नक्कल करत होते. ती हसून लोळली. लेव्हीने तिला विचारलं की डॅड काय म्हणाले. तिने सांगितलं. तो म्हणाला, माझे डॅड विनोद सांगतात? त्याचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला होता.

रविवारी पाऊस थांबला, पण ओढा उतरला नव्हता. काकांनी पोहे भिजवले. नारळ फोडला तो माझ्या बंपरवर. जन्मात पहिल्यांदा माझ्यासमोर नारळ फुटला, तोही माझंच डोकं वापरून! अक्षयाने खोबरं खवलं, फळं मांडून घेतली. मग काकांनी बूट घातले. लेव्ही दारात आडवा उभा राहिला. मैलभर चढ, ओले दगड, ॲम्ब्युलन्स इथवर येऊ शकत नाही. तो आणि अक्षया मलिदा नेऊन ठेवतील, डॅडनी इथेच थांबावं. अगदी प्रेमाने सांगत होता.

काकांच्या तोंडून नेहमीचं 'ॲज यू विश' निघणार, असं मला वाटलं. तोंड उघडलंही. मग ते अक्षयाकडे वळले.

"याला सांग, मी पडेन. घरातही पडलोच होतो. पडलो तर उचल म्हणावं. पण मला असं गाडीसारखं लावून ठेवू नको."

अक्षयाने एकेक शब्द इंग्रजीत सांगितला. लेव्ही दारातून बाजूला झाला आणि त्याने हात पुढे केला.

ते तिघं गेले. मी खाली उभी, नेहमीसारखी. चार तास! माझा जीव टांगणीला लागला. आले तेव्हा काकांची पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. एकदा पडले होते म्हणे, आणि लेव्हीने उचललं होतं. नवस फिटला होता. लेव्हीच्या मुठीत थोडा मलिदा होता. तो त्याने माझ्या डॅशबोर्डवर ठेवला. मला खाता येत नाही, पण विचारलं तरी कोणी.

सोमवारी पाणी उतरलं आणि आम्ही परत निघालो. आता मी ब्रॅकनेलला असते. अक्षया मला धुते, वेळेवर तेल बदलते. मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या गाड्यांची तुम्हीही अशी काळजी घ्या, हे मी सांगणारच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरातलं कोणी एखाद्या गाडीशी, झाडाशी, बंद खिडकीशी बोलताना दिसलं, तर हसू नका आणि लांबूनही बघत बसू नका. जवळ जा. मी तीन वर्षं सगळं ऐकलं, पण मला साधं 'हं' म्हणता येत नव्हतं.

हॅरोतला माझा शेवटचा दिवस मी विसरणार नाही. चार वाजले आणि काका येऊन स्टिअरिंगमागे बसले. थोड्या वेळाने दुसरं दार उघडलं. लेव्ही शेजारी येऊन बसला. अक्षयाने शिकवलेले शब्द जुळवत, अडखळत म्हणाला:

"डॅड, तू इथे आईला काय बोलते? मला पण सांग."

"नथिंग, सन," काका म्हणाले.

लेव्ही उठला नाही. काका त्याच्याकडे वळले, डोळ्यांच्या कडेने त्याला नीट बघून घेतलं आणि हात लांब करून त्याच्या बाजूचं दार ओढून घेतलं.

"बस मग," म्हणाले. "वेळ लागेल."