तेलाची वही

"सहाला घरी जातात या, लिहा," सुपरवायझरच उत्तर देऊन मोकळा झाला.

पाहणीला आलेल्या मुलीने मान वर केली. कामगार खरोखर किती तास राबतात यावर तिचं संशोधन होतं. त्यावरून सरकार नवा नियम करणार होतं म्हणे. "मी बाईंना विचारतेय," ती म्हणाली.

कारखान्यातल्या यंत्रांना तेल घालणारी तेलवाली सुपरवायझरकडे बघून "सहाला" म्हणाली. खरं बोलली असती तर त्याच दिवशी नोकरी गेली असती. सहाला हजेरीचं कार्ड पंच करायचं आणि परत यंत्रावर येऊन उभं राहायचं, ही इथली रीत. तिच्या नवऱ्याचा हात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसखाली गेला तो आठनंतर. आणि हाच सुपरवायझर चौकशीत छातीठोकपणे सांगून आला, "कार्ड सहाचं आहे. तो कामावर नव्हताच. गंमत म्हणून हात घातला असेल." गंमत! मेल्याची जीभ कशी झडली नाही? भरपाई बुडाली. चार वर्षं ती त्या एका शब्दावर दात खाऊन होती, आणि त्यालाच रोज "साहेब, साहेब" करत होती.

मुलगी निघाली तशी तेलवालीने तिला फाटकाशी गाठलं.

"ताई, प्रेसवर ठोके मोजणारा आकडा असतो, सहानंतर यंत्र किती चाललं ते त्यात दिसतं. मी सकाळी, सहाला आणि बंद होताना तेल घालते आणि आकडा लिहिते. ही सात वर्षांची वही. माझ्या नवऱ्याचा हात गेला तो दिवसही आहे."

मुलगी पानं चाळतच राहिली. "सुपरवायझरने पाहिली नाही कधी?"

"रोज सही करतो की! न वाचता."

मुलीने मग चाळीस कारखान्यांतली कार्डं अशा आकड्यांशी ताडून पाहिली. दीड वर्षाने नियम आला आणि सुपरवायझरला तो भिंतीवर लावावा लागला. तेलवाली पुढे झाली.

"साहेब, चष्मा विसरले. जरा मोठ्याने वाचता?"

सगळे जमले होते. त्याला वाचावंच लागलं. "अपघाताच्या वेळी... कार्डाची वेळ... पुरावा मानली जाणार नाही. यंत्राची नोंद..."

"मागे ऐकू आलं नाही, साहेब. पुन्हा वाचा."

घरी नवऱ्याने विचारलं, "आपल्याला काही मिळेल?"

"नाही. इथून पुढच्यांनाच."

त्याने उरलेल्या हाताने ताट बाजूला सारलं.

"वाचताना तोंड कसं झालं होतं त्याचं?"

तिने सांगितलं.

"पुन्हा सांग," तो म्हणाला.