मत्स्यराजाचा डोळा

मित्रांनो, मी मालवणच्या बाजारातल्या सांतान फर्नांडिस यांच्या स्टुडिओतला जुना कॅमेरा आहे. आता मी फारसा कामाचा राहिलेलो नाही. माझ्या बटणावरचा रंग उडाला आहे आणि बॅटरी भरली तरी दुपारपर्यंत टिकत नाही. बोलायलाही थकवा येतो. पण माझ्या हातून एक चांगलं काम झालं, ते सांगून टाकावं असं वाटतं.

सांतानने मला विकत आणलं त्याला पंधरा-सोळा वर्षं झाली. तेव्हा मला उसंत नव्हती. लग्नं, बारशी, चर्चचं फेस्त, दशावतारी नाटकं आणि या सगळ्यांच्या मध्ये पासपोर्टचे फोटो. लोक म्हणत, "सांतानच्या कॅमेऱ्यात माणूस आसा तसोच दिसता." मला ते ऐकून बरं वाटायचं. पुढे प्रत्येकाच्या खिशात फोन आला. मी कपाटात गेलो. खाऱ्या दमट हवेनं माझ्या मोठ्या लेन्सला बुरशी धरली. सोनाराच्या दागिन्यांचे फोटो काढायला घेतलेली छोटी लेन्स तेवढी डब्यात बंद होती म्हणून वाचली.

गेल्या वर्षी तारकर्लीहून समीक्षा चितारी स्टुडिओत आली. ती पर्यटकांसाठी चार खोल्या चालवते. तिच्या सासूबाई रुक्मिणी यांनी आयुष्यभर गंजिफा रंगवल्या. गंजिफा म्हणजे हातानं रंगवलेले खेळायचे गोल पत्ते. दशावताराच्या एका संचात एकशेवीस पत्ते असतात, आणि तळहाताहून लहान अशा त्या गोलात राजा, त्याचा रथ, हत्ती, डोळे, मिशा, सगळं बसवायचं असतं. रुक्मिणीकाकींचा शेवटचा संच मुंबईच्या एका संग्रहालयात जायचा होता. घरात ओल लागून रंगाचे पापुद्रे सुटू लागले होते. तिथे तो नीट राहणार होता. पण जाण्याआधी प्रत्येक पत्त्याचा फोटो हवा होता.

"फोनान काढलंय मी," समीक्षा म्हणाली. "पण गोल पत्तो अंड्यासारखो येता, आणि मधेच पांढरो डाग."

सांतानने मला कपाटातून काढलं, पुसलं, ती छोटी लेन्स लावली आणि मोटरसायकलवरून तारकर्लीला नेलं.

पहिल्याच पत्त्याला त्यानं सवयीनं फ्लॅश मारला. पत्त्यावर लाखेचा चकचकीत थर असतो. फोटोत राजाच्या तोंडावर विजेचा गोळा फुटल्यासारखं दिसलं. सांतान वरमला. त्यानं फ्लॅश बंद केला आणि टेबल पडवीत हलवलं. तिथे ऊन नव्हतं, नुसता उजेड होता. दुसऱ्या बाजूची सावली हलकी व्हावी म्हणून त्यानं तिकडे पांढरा थर्माकोल उभा केला. मग मला टेबलाच्या वर, खाली तोंड करून बांधलं आणि पत्त्याच्या जागी एक छोटा आरसा ठेवला. आरशात मला माझीच लेन्स बरोबर मधोमध दिसेपर्यंत तो मला इकडेतिकडे सरकवत राहिला. त्यानंतर गोल तो गोलच आला.

तरीही लाल रंग फिका येत होता. सांतान बराच वेळ पाहत राहिला, आणि मग त्याला कळलं की त्याचा स्वतःचा पांढरा शर्ट लाखेत उतरतो आहे. तो घरी जाऊन मयताला घालायचा काळा शर्ट घालून आला. माझ्या चंदेरी कडांवरही काळं फडकं गुंडाळलं. आधी कोऱ्या पांढऱ्या कागदावर माझा रंग बसवला, म्हणजे पांढरं मला पांढरंच दिसेल असं केलं. मग पंखा बंद करून, बटण दाबून हात काढून घ्यायचा आणि दोन सेकंदांनी मी टिपायचं. रस्त्यावरून गाडी गेली की टेबलाची थरथर थांबेपर्यंत थांबायचं.

असे एकशेवीस. दोन दिवस लागले. सत्त्याऐंशीव्या पत्त्याला माझं शटर अडकलं. तासभर सावलीत ठेवल्यावर सुटलं. खरं सांगतो, त्या तासात वाटलं होतं की नाही सुटलं तरी चालेल.

रुक्मिणीकाकी दोन्ही दिवस खुर्चीत बसून होत्या. त्यांची नजर गेल्यातच जमा होती. बारीक काही दिसत नसे. म्हणून शेवटी समीक्षानं मला वायरनं खोलीतल्या मोठ्या टीव्हीला जोडलं. एकेक पत्ता सुपाएवढा होऊन समोर येऊ लागला. काकी खुर्ची पुढे ओढून अगदी पडद्याला नाक लावून बसल्या. स्वतःचं काम त्या सहा वर्षांनी पाहत होत्या.

मत्स्य अवताराच्या राजावर त्या थांबल्या.

"ह्यो डोळो माझो न्हय," त्या म्हणाल्या.

"कोणाचो तर?" समीक्षानं विचारलं.

"ह्यांचो. माझी रेघ वरसून खाली येता. ते डाव्या हातान काढीत. तेंची खालसून वर जाता, बघ."

काकींचे यजमान अकरा वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या हातचे सगळे पत्ते केव्हाच लोकांकडे गेले होते, घरात एकही उरला नव्हता. निदान काकी तसं समजत होत्या. त्यांचा एक अर्धवट राजा डब्यात राहिला असावा आणि नजर अधू झाल्यावर काकींनी तो आपलाच समजून पुरा केला, लाख दिली, संचात ठेवला.

सांतान खिडकीबाहेर पाहत होता.

"ह्यो पत्तो मी देवचंय नाय," काकी म्हणाल्या.

"आये, शुक्रवारी माणूस येतलो. एक कमी कसो देवचो?"

"तू काढ."

समीक्षा सासूला रंग घोटून देत आली होती. वेलबुट्टी भरत आली होती. चेहरा तिनं कधी काढला नव्हता. "माका जमाचा नाय," ती म्हणाली.

"जमलो नाय तर परत काढ. फोटो खंय पळान जातलो?"

तो राजा टीव्हीवर तसाच राहिला. मी तीन दिवस तिथेच, चार्जरला जोडलेला होतो. पहिल्या पत्त्यात डोळा मिशीवर उतरला. दुसऱ्यात राजा रडवेला झाला. ती पर्यटकांचं जेवण करायची, हात धुवायची, परत बसायची. तिसऱ्या पत्त्यावर गुरुवारी दुपारी लाख वाळली. सांतानने पुन्हा काळा शर्ट घातला आणि मी तो पत्ता टिपला. काकींनी तो पडद्यावर न्याहाळला.

"बरो आसा," त्या म्हणाल्या. "पण ह्यो ह्यांचो दिसणा नाय, माझो पण नाय. तुझो दिसता."

समीक्षा पदरानं तोंड पुसत आत गेली.

शुक्रवारी संग्रहालयाचे गृहस्थ आले. काकींनी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही राजे शेजारी ठेवून पाहिले आणि विचारलं, "हा नवा कोणी केला? नाव सांगा, नोंदीत लिहायला हवं." समीक्षानं आपलं नाव सांगितलं. आवाज इतका लहान निघाला की तिला ते दोनदा सांगावं लागलं.

मित्रांनो, त्यानंतर मी फोटो काढलेला नाही. तुमच्याही घरी कोणी हातानं काढलेलं, विणलेलं, रंगवलेलं काही असेल. त्याचा फोटो घाईनं काढू नका. वस्तू उन्हातून सावलीत आणा, मला धरलं तसा फोनही सरळ धरा, फ्लॅश मारू नका. आणि तो फोनमध्ये ठेवून विसरू नका. ज्यानं ते केलं त्याची नजर शाबूत आहे तोवर, त्याच्यासमोर मोठा करून धरा.